आग्रहावाचूनचे घर

परदेशी शिकावयास जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ज्यातील एखादा पुतण्या किंवा भाची जर्मनी-अमेरिकेत नाही असे कुटुंब आमच्या वाचकांत विरळाच असेल. निघण्यापूर्वी घरात खल होतो तो पैशांचा, थंडीच्या कपड्यांचा आणि मेतकूट किती न्यावे याचा. परंतु परक्या कुटुंबात राहावयाचे ठरल्यास त्या घरात वागावे कसे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि पहिल्या आठ दिवसांत गाठ पडते ती नेमकी याच प्रश्नाशी.

आम्ही १९८४ च्या ऑक्टोबरात गोटिंगेन येथे गेलो. विद्यापीठाचे हे गाव पुणेकरांस अगदीच परके नव्हे. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे कीलहॉर्न पुढे तेथेच प्राध्यापक झाले, आणि रामकृष्णपंत भांडारकरांस १८८५ साली डॉक्टरची सन्माननीय पदवी देणारे विद्यापीठही हेच. तथापि या थोर ऋणानुबंधाचा रात्रीच्या जेवणास काडीचाही उपयोग होत नाही!

उतरलो तो शनिवार. त्या काळी पश्चिम जर्मनीत शनिवारी दुपारी दोनला दुकाने बहुधा मिटत, ती एकदम सोमवारी उघडत. तेव्हा ज्या घरी उतरलो तेथील स्वयंपाकघर हाच एक आधार. घरात साठीला टेकलेल्या एक विधवा बाई आणि त्यांची लेक, अशी दोनच माणसे. संध्याकाळी मेजावर काळसर पावाचे काप, लोणी, चीज, व्हिनेगरमधील काकड्या आणि मांसाचे पातळ काप मांडलेले होते. शिजविलेले गरम अन्न तेथे दुपारी. संध्याकाळच्या जेवणाचे नावच मुळी ‘संध्याकाळचा पाव’. नव्या पाहुण्यापुढे पहिल्याच रात्री आपल्या घरी असे थंड ताट कोणी ठेवले असते, तर आमच्या आत्याबाईंनी त्याची बारा वर्षे आठवण काढली असती.

बाईंनी पावाची परडी पुढे केली, तोच त्यांच्या लेकीने हसत हसत एक सूचना दिली. ‘डांके’ म्हणजे आभार, हे आम्ही पुण्याहून शिकून आलो होतो. पण कोणी काही देऊ केले असता नुसते ‘डांके’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. हवे असेल तर ‘बिट्टे’ म्हणावे. आणि एकदा ‘नको’ म्हटले की पुन्हा कोणी विचारीत नाही. आमच्या लक्षात आले की हे व्याकरण नव्हे, हा धर्मच वेगळा! आपल्याकडे दोनदा ‘नको’ म्हणणे ही पाहुण्याची सभ्यता, आणि तिसऱ्यांदा वाढणे ही यजमानाची. पाहुण्याच्या ‘नको’वर विश्वास ठेवणारी गृहिणी आपण कृपण ठरवितो. तेथे विश्वास न ठेवणे हाच उद्धटपणा.

या संकोचापायी थोरामोठ्यांनीही उपास काढले आहेत. १८८८ साली विलायतेस गेलेल्या गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की, वेस्ट केन्सिंग्टनमधील बिऱ्हाडी घरमालकिणीच्या मुली पावाचा एखादा काप अधिक आग्रहाने देत. पण सबंध पावाशिवाय आपले पोट भरणार नाही हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मागण्यास यांना लाज वाटे. पुढे फॅरिंग्डन रस्त्यावर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कोठे पोटभर जेवण मिळाले.

निघताना आमच्या मातुःश्रींनी एकच शब्द घेतला होता, मांसाचा. तो पाळावयाचा तर यजमानांस प्रत्येक जेवणाला अडचणीत टाकावे लागणार, ही धास्ती मनात होती. बाईंनी मात्र ‘आपण काय काय खात नाही?’ असे एकदाच विचारले, उत्तर चिठोऱ्यावर लिहिले आणि ते फडताळाच्या दारास आतून चिकटविले. पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही. रविवारी दुपारी मसुरांचे सार झाले. सॉसेज घालण्यापूर्वी आमच्या वाटणीचे लहान पातेल्यात वेगळे काढलेले होते, आणि त्याचा डावही वेगळा. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसास याहून अधिक काय सांगावे? महायुद्धानंतरच्या १९४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीत अन्नाचे जे हाल झाले, ते बाईंनी ऐन तारुण्यात भोगलेले होते. पावाची वाळकी टोकेसुद्धा त्या पिशवीत साठवीत व त्यांचा चुरा करून वापरीत.

अन्नापेक्षा जड गेली ती किल्ली. पहिल्याच रात्री बाईंनी पुढल्या दाराची किल्ली आमच्या हाती ठेवली. ओळखदेख नसलेल्या माणसावर हा केवढा विश्वास! पण आम्ही वाड्यात वाढलेलो. दाराशी कोणी ना कोणी असावयाचेच, तेव्हा घराची किल्ली अशी कधी जवळ बाळगली नव्हती. सोमवारी दुपारी ती फिरवून आत आलो. दोघी कामावर गेलेल्या. ‘आलास का रे?’ म्हणून विचारणारे कोणी नाही. जिन्यावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकून घशाशी आवंढा आला, तो तेव्हा. स्वयंपाकघरात मेजावर ताटली पालथी घातलेली होती; तिच्याखाली सालीसकट उकडलेले बटाटे, आणि शेजारी वाटीत ‘क्वार्क’.

बाईंना काकू म्हणावे असे फार वाटे. पण त्या भाषेत शेजारणीस काकू करण्याची सोय नाही. ‘फ्राऊ’ आणि पुढे आडनाव, बस्स. आनंदीबाई जोशी या बाबतीत भाग्यवान. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा तीन वर्षांचा पत्रव्यवहार झालेला होता आणि मावशीचे नाते पत्रांतूनच जडले होते. कॉलेजात दाखल होण्यापूर्वीचे चार महिने त्या मावशीकडेच राहिल्या. १८८७ मध्ये आनंदीबाई वारल्यावर त्यांची रक्षा याच बाईंकडे गेली, आणि पकीप्सी येथे त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. असो.

क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. पुढल्या शनिवारी आम्ही तो फडक्यात बांधून टांगला, साखर मिसळून फेटला, आणि घरून दिलेल्या पुरचुंडीतील वेलदोडे कुटून घातले. लेकीने वाटी संपवून ‘बिट्टे’ म्हणून पुढे केली. बाई ‘डांके’ म्हणाल्या. आम्ही वाढलेच. त्यांनी क्षणभर लेकीकडे पाहिले, मग चमचा उचलला आणि वाटी अगदी स्वच्छ केली.