एका दृश्याचे दोन रंग

प्रकाश डोळ्यांना एकजीव दिसतो. परंतु त्यातील रंग वेगळे केल्यावाचून पुष्कळ वस्तूंचे अंतरंग उलगडत नाही. ही विद्या म्हणजे मोठ्या प्रयोगशाळांची मिरासदारी, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. कोलकात्यात राहणाऱ्याने तरी तो बाळगू नये.

येथील बहूबाजार रस्त्यावर, २१० क्रमांकाच्या वास्तूत, १८७६ साली स्थापन झालेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था पूर्वी होती. १९०७ साली हिशेबखात्यातील अधिकारी म्हणून या शहरात आलेले चंद्रशेखर वेंकट रामन कचेरीच्या आधी व नंतर तेथे प्रयोग करीत. पुढे १९१७ साली ते सरकारी नोकरी सोडून प्राध्यापक झाले. १९२८ साली रामन व कृष्णन यांनी केलेल्या सुप्रसिद्ध प्रयोगात दिवा होता तो सूर्याचा. दुर्बिणीच्या १८ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाने व दुसऱ्या एका लहान भिंगाने एकवटलेले ऊन त्यांनी शुद्ध द्रवात सोडले. उन्हाच्या वाटेत जांभळट निळी व पिवळट हिरवी अशा दोन काचा एकत्र ठेवल्या, की द्रवातील प्रकाशरेषा पार मावळे. पिवळट काच तेथून काढून द्रव आणि डोळा यांच्यामध्ये धरली, की ती रेषा पुन्हा उमटे. निळ्या प्रकाशाचा काही अंश रंग बदलून बाहेर पडत होता, याचा हा पुरावा! या शोधाला १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाचक विचारतील, भाषांतराचे काम करणाऱ्या बी. ए. झालेल्या बाईला या गोष्टीचे काय प्रयोजन? सांगते. माझी भाची येथे वनस्पतिशास्त्र शिकते. गेल्या वर्षी पुढील शिक्षणाचा अर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, मोठी यंत्रे ज्यांच्यापाशी, शास्त्र त्यांचे. मी नोकरीच बघते." तिला हवे असलेले यंत्र होते प्रतिमा-विभाजक.

हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानातील हिरवे कण पेशीच्या कडेकडेने सतत फिरत असतात. जांभळट निळा प्रकाश पडला, की ते लाल रंगाने उजळतात. हळद लावलेल्या पेशीभित्ती पिवळट हिरव्या उजळतात. हे दोन रंग एकामागून एक टिपावेत, तर काच बदलेपर्यंत कण पुढे सरकलेला असतो. दोन्ही एकाच क्षणी टिपले, तरच कण भित्तीलगत नेमका कोठे होता, हे खात्रीने सांगता येते.

पूजेच्या सुटीत आम्ही तो घरी करावयास घेतला. चांदणी चौकातून आणलेल्या मोडक्या प्रोजेक्टरमध्ये लाल रंग परतवून बाकीचे आरपार जाऊ देणाऱ्या काचा मिळाल्या. पुठ्ठ्याची पेटी आतून काळी केली. सूक्ष्मदर्शकातून येणारे दृश्य एका फटीने अर्धे केले, म्हणजे पुढे दोन प्रतिमा एकमेकींवर चढत नाहीत. भिंगापुढील पहिल्या काचेने रंगांच्या दोन वाटा केल्या. आरशांनी त्या वळविल्या. दुसऱ्या काचेने, किंचित तिरपी ठेवून, शेजारी शेजारी आणल्या. आणि शेवटच्या भिंगाने त्या एकाच कॅमेऱ्यात उतरविल्या. उरलेला निळा प्रकाश अडविण्यास आधी एक पिवळी काच होतीच. रामन यांचा शोध वेगळा, परंतु दोन काचांची ही रीत तीच.

दोन प्रतिमा जुळवण्यासाठी डबा गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या कागदाला सुईने छिद्रे पाडून त्यांचे चित्र घेतले. तेच छिद्र दोन्ही बाजूंस कोठे पडते, हे मोजले, की प्रतिमा एकमेकींवर बसविता येतात. हळद स्पिरिटमध्ये कालवून तिचा एक थेंब पुष्कळ पाण्यात घातला. स्पिरिट अधिक झाले, तर पानाचा हिरवा रंगच निघून जातो. असा प्रयोग करणाऱ्यांनी निळ्या दिव्याकडे मात्र थेट पाहू नये.

चौथ्या रात्री पडद्याच्या डाव्या अंगास हळदीच्या भित्ती स्थिर उभ्या होत्या आणि उजव्या अंगास लाल ठिपके चालत होते. चित्र अंधूक होते. भाची पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग वही ओढून तिने यंत्राच्या उणिवा लिहिल्या: दृश्य अर्धेच मिळते, प्रत्येक काचेपाशी थोडा प्रकाश वाया जातो, पेटीला धक्का लागला की पुन्हा मोजावे लागते. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला.

विकतचे यंत्र अधिक चांगले असते, यात शंका नाही. परंतु आपल्या हातच्या यंत्राला काय दिसत नाही, हे आपल्याला नेमके ठाऊक असते. आणि म्हणूनच त्याच्या साक्षीवर कितपत विसंबावे, हेही कळते. वाचकहो, तुमच्या घरातील एखादे मूल असेच निराश झाले, तर त्याला उपदेश न करता एक पुठ्ठ्याची पेटी द्या, आणि त्याच्याजवळ बसा.