आल्प्सच्या आडहंगामांत मुक्काम कोठें करावा?

तीस-पस्तीस वर्षें वर्गांत कुमारसंभवाचा पहिला सर्ग शिकविला, परंतु हिमाच्छादित शिखर डोळ्यांनीं पाहण्याचा योग कधीं आला नाहीं. हिमालय राहिलाच, चिरंजीव नोकरीनिमित्त झुरिचला असल्यामुळें गेल्या नोव्हेंबरांत आल्प्सचें दर्शन मात्र घडलें. नोव्हेंबर हा तिकडील आडहंगाम. उन्हाळ्यांतील प्रवासी परतलेले, बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळणारे अद्यापि यावयाचे. म्हणून जागांचीं भाडीं उतरतात. शिक्षकाच्या पेन्शनीला हा महिना मानवेल, एवढाच हिशेब करून आम्ही उभयतां निघालों. मुक्कामाचें ठिकाण निवडण्याचें काम मीं हौसेनें आपल्याकडे घेतलें, आणि तेथेंच चुकलों.

चित्रांत जें गांव सर्वांत उंचावर व सर्वांत रम्य दिसलें तें मीं पसंत केलें. चित्र ऐन उन्हाळ्यांतलें होतें, हें ध्यानांतच आलें नाहीं. पोंचतों तों रोपवे दुरुस्तीसाठीं बंद. त्याऐवजीं असलेली बस आम्हांस चढाच्या पायथ्याशीं सोडून निघून गेली. सायंकाळचे पांच वाजतात न वाजतात तोंच अंधार. बहुतेक घरांच्या खिडक्या मिटलेल्या, भोजनगृह बंद, एकुलतें एक दुकानहि बंद. जागेच्या मालकानें किल्ली दारावरच्या पेटींत ठेवून दिली होती. मनुष्य म्हणून दृष्टीस पडला नाहीं. सौ.चे गुडघे मूळचेच दुखरे. अर्ध्या चढावर ती बॅगेवर बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, येथें रात्रीं कांहीं झालें तर हांक कोणाला मारायची?" मला उत्तर सुचलें नाहीं, आणि त्या रात्रीं झोंपहि आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पैशांवर पाणी सोडून खालीं उतरलों, आणि जें आधीं करावयाचें तें मग केलें. चिरंजीवांना जवळ घेऊन नकाशा उलगडला.

बर्न प्रांतांतील लाउटरब्रुनेनची दरी घ्या. दरीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पूर्वेच्या अंगास, वरच्या सपाटीवर वेंगेन, सुमारे १२७५ मीटर. समोर पश्चिमेच्या कड्यावर म्यूरेन, १६०० मीटरांहूनहि वर. दोन्ही गांवें मोटारीवांचून आहेत. दरी संपून पुढें थून व ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मध्यें इंटरलाकेन वसलें आहे. आपल्याकडील मंडळी बहुधा तेथेंच उतरतात. चित्रपटदिग्दर्शक यश चोप्रा यांचा पुतळाहि तेथें २०१६ सालीं उभारला गेला. शहराच्या सगळ्या सोयी तेथें आहेत, तक्रारीला जागा नाहीं; परंतु डोंगराच्या कुशींत राहण्याचें सुख तेथें नाहीं.

आतां सूर्याचें पाहूं. नोव्हेंबरच्या मध्यास पुण्याला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर असतो. आल्प्समध्यें अवघा २५ अंश. दिवसहि साडेनऊ तासांचा. लाउटरब्रुनेनच्या दोन्ही बाजूंस भिंतीसारखे उभे कडे असल्यामुळें तळाशीं ऊन थोडाच वेळ टिकतें. मे महिना असता तर मीं तळच निवडला असता. कारण तेव्हां वरच्या पाऊलवाटा बर्फाखालीं असतात, आणि वितळलेल्या पाण्यानें श्टाउबबाखचा सुमारे ३०० मीटरांचा धबधबा भरून वाहतो. नोव्हेंबरांत मात्र वर चढावें. शिवाय या दिवसांत झुरिच-बर्नकडील सखल प्रदेशावर धुक्याचें छत दिवसेंदिवस हलत नाहीं. डोंगरावर पाहावें तों लख्ख ऊन! चिरंजीव म्हणाले, "बाबा, आठवड्यांत आज प्रथम सूर्य पाहतों आहें."

मग म्यूरेन कां नको? तें अधिक उंच, अधिक देखणें. पण वस्ती लहान, आणि पहिल्या रात्रीचा धाक मनांतून गेला नव्हता. वेंगेनलाहि आडहंगामांत पुष्कळ हॉटेलें मिटलेलीं असतात. परंतु तेथें बारमास नांदणारीं कुटुंबें आहेत, मुलांची शाळा आहे, आणि दांतेरी रुळावरची आगगाडी खालून वर नियमानें येत असते. जागा ठरविण्यापूर्वीं मीं या वेळीं चित्र मागितलें नाहीं. त्या आठवड्यांत गाडी चालू आहे काय, दुकान उघडें आहे काय, आणि मालक त्याच घरांत राहतो काय, एवढें विचारविलें.

स्वयंपाकाची सोय असलेल्या दोन खोल्या मिळाल्या. शनिवारींच दूध व भाजी आणून ठेवावी, कारण रविवारीं दुकानें बंद. हें घरमालकिणीनें खुणांनीं समजाविलें. एके दिवशीं युंगफ्राउयोखला जाऊन आलों. १९१२ सालापासून तेथें ३४५४ मीटरांवर आगगाडी जाते. तिकीट भारी आहे, हवा विरळ आहे, पायऱ्या सावकाश चढाव्या लागतात, पण सौ.नें मूठभर बर्फ हातांत घेतलें तेव्हां तिकिटाचा हिशेब मीं सोडून दिला.

तीन दिवसांसाठीं घेतलेली जागा आठ दिवस ठेविली. सूर्य सकाळीं उशिरां येई, परंतु दुपारभर राही. सौ. सज्ज्यांत खुर्ची टाकून युंगफ्राउकडे तोंड करून बसे. खालच्या मजल्यावरून घरमालकीण तिला हांक मारी, ही वरून ओ देई. भाषा दोघींनाहि एकमेकींची येत नव्हती.