जांभ्याची भिंत, कागदावर

समीक्षेत आपण ‘पोत’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. गद्याचा पोत, कवितेचा पोत, अनुवादात हरवलेला पोत. वीस वर्षं मीही वापरला. गेल्या पावसाळ्यापासून मात्र आमच्याकडे पोत चमच्याने मोजला जातो: दोन चमचे खडूची भुकटी, एक चमचा फेविकॉल, थेंबाथेंबाने पाणी. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की थांबायचं.

मी पुठ्ठ्याचं घर करते आहे. राजापूर तालुक्यातलं आमचं चिरेबंदी घर वाटण्यांनंतर विकलं गेलं आणि मग पाडलं गेलं. काचबिंदूने तोवर बाबांची दृष्टी नेली होती. फोटो आहेत, पण त्यांना त्यांचा काय उपयोग? म्हणून हे १:५० मापाचं घर, बोटांनी बघायला.

कागदी प्रतिकृती करणारे सहसा भिंतीवर दगड छापून घेतात. डोळ्याला ते पुरतं. बोटाला छापील दगड म्हणजे कोरा कागदच. म्हणून लेप आला, आणि लेपाबरोबर पाणी. कागदाचे तंतू पाण्याने आडवे फुगतात, वाळताना लेप आकसतो आणि सरळ भिंतीची पन्हळ होते. यावर सुतारांकडचा जुना उपाय चालतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी लावायचा. स्पिरिट उडून जातं, लाखेचा पापुद्रा राहतो आणि पाण्याला अडवतो. तरी मी लेप पातळच देते, आणि प्रत्येक थरानंतर भिंतीच्या पाठीवरही एक हात, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी राहते.

खडू आणि चिकट पदार्थ ही जोडी फार जुनी आहे. काश्मिरी कारागीर लगद्याच्या डब्यांवर नक्षीआधी खडू आणि सरसाचा थर चढवतात. उत्तर युरोपातल्या फळ्यांवरच्या जुन्या चित्रांखालीही तसाच थर असतो. माझी आजी कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालायची आणि पातेल्यावर थापून टोपल्या करायची. मेथीने लगदा चिकट होतो, कीडही लागत नाही. कणकेची खळ मात्र मी टाळते. पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि कसरीला तर ती मेजवानीच.

खरा पेच पुढे होता. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. त्यातलं सेंटिमीटरभर भोक या मापात ०.२ मिलिमीटरचं होतं, साधारण ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरच्या कणाएवढं. तेवढीच बारीक रेती चाळून मी पहिली भिंत केली. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला.

“गिलावा केलास होय गं?”

भिंत मापात अचूक होती. पण घर पन्नासपट लहान झालं म्हणून बाबांचं बोट थोडंच लहान होतं! शब्दाला शब्द ठेवून म्हणी भाषांतरित करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. इथे ते फूटपट्टीशी झालं. दुसऱ्या भिंतीत भोकं मी पाचपट मोठी केली. लेपात लाकडाचा भुसा घातला आणि अर्धवट वाळल्यावर काथ्याच्या बोळ्याने ठोकून काढलं. (चहाचा वाळवलेला चोथाही चांगला, पण त्याचा रंग सुटतो.) चिऱ्यांचे सांधे मात्र दाभणाने, काटेकोर मापात ओढले, कारण खिडकीखाली किती थर होते ते बाबा मोजणार हे मला ठाऊक होतं. काव लेपातच कालवली. वरून लावली तर हाताळून झिजते आणि आतला पांढरा खडू उघडा पडतो. बाबांना तो दिसणार नाही. मला दिसेल.

या भिंतीवर त्यांनी बराच वेळ घेतला. थर मोजले. मग मागच्या दाराशी बोट थांबलं.

“इथला उजवीकडचा चिरा गुळगुळीत हवा. येता-जाता सगळे तिथेच हात टेकायचो.”

एकाही फोटोत तो चिरा नाही. पॉलिशपेपर हाताशी होताच. मी घासत गेले आणि बाबा मधूनमधून बोट लावून सांगत गेले, “अजून.”