वायफायची कडी
घाटकोपरच्या घरी नवा राउटर बसला. जोडणाऱ्या मुलाने पासवर्ड ठेवला माझाच मोबाइल नंबर. अम्मी म्हणाली, "राहू दे, शेजारची मुलंही अभ्यास करतील."

मला 26 जुलै 2008 आठवला. अहमदाबाद स्फोटांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेला होता. तपास आधी त्या घरी पोहोचला. पाठवणारे दुसरेच होते. त्या दारावर आमच्यासारखं नाव असतं तर? झोप लागेना.

रात्रीच उठून लांब पासवर्ड टाकला, डब्ल्यूपीए-2 निवडलं, राउटरचा मूळ 'अॅडमिन' पासवर्डही बदलला. शेजारच्या मुलांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलं, त्यालाही पासवर्ड. तो सकाळी त्यांच्या अब्बांच्या हातात दिला. शेजाऱ्याचा हक्क राहिला, दाराला कडीही लागली.