सैल दांडा

घरातील वस्तू सैल होतात त्या काही एका दिवसात नव्हे. दाराची कडी, खुर्चीचा पाय, छत्रीची मूठ, कढईचा कान ही सारी मंडळी प्रथम किंचित हलू लागतात, मग थोडी कुरकुरतात, आणि आपण त्या कुरकुरीची सवय करून घेतो. कान हलतो म्हणून गृहिणी कढई जरा तिरकी धरावयास शिकते. वस्तू दुरुस्त करण्याऐवजी माणूसच तिच्या दोषाप्रमाणे वळण घेतो. आणि एखाद्या दिवशी ती हातातून निसटली, की ‘अचानक मोडली’ असे म्हणून मोकळा होतो.

वाई येथे राहणाऱ्या एका तरुण शिक्षकाच्या मोटारसायकलीचा गिअरचा दांडा असाच सैल झाला होता. मोटारसायकल १९७८ सालची बुलेट. या गाडीचे मूळ इंग्लंडातील रेडिच गावचे. १९५५ साली तेथील एनफिल्ड कंपनीने मद्रासच्या एका पेढीशी भागीदारी करून ही गाडी आपल्या देशात बांधण्यास प्रारंभ केला. पुढे मूळचा इंग्रजी कारखाना बंद पडला. मद्रासची शाखा मात्र चालतच राहिली. जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे या गाडीचा गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे. पहिला गिअर दांडा वर उचलून पडतो, पुढचे तीन खाली दाबून. म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावयाचे झाले, तर पायाचा चवडा दांड्याखाली घालून तो वर उचलावा लागतो. ही उचल पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

गाडी शिक्षकाच्या वडिलांची. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीस होते आणि घाटमाथ्यावरील खेड्यांतून गुरांना लस टोचीत हिंडत. गोठ्यातील चिखलामुळे त्यांच्या पायात बारा महिने गमबूट असत. त्यांतील डावा बूट नेहमी धडधाकट दिसे. उजव्याच्या चवड्यावर मात्र सायकलच्या ट्यूबचे ठिगळ असे. दिवसातून शेकडो वेळा गिअर उचलून उचलून तेथील रबर झिजे आणि पंक्चर काढणारा त्यावर नवे ठिगळ लावून देई. वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली. गमबुटांची ती जोडी अजून मागच्या पडवीत आहे आणि गाडी मुलाकडे आली आहे. घाटमाथ्यावरील ज्या शाळेत तो शिकवितो, तेथे तो तिच्यावरूनच जातो.

वाईहून पाचगणीला जावयाचे तर पसरणीचा घाट चढावा लागतो. अंतर १२-१३ किलोमीटरच आहे, पण तेवढ्यात रस्ता ५०० मीटरांहून अधिक उंची गाठतो. चढताना माणसाचे लक्ष खालच्या कृष्णेच्या खोऱ्याकडे आणि धोमच्या पाण्याकडे गेले तरी चालते; उतरताना ते रस्त्यावरच असावे लागते. उतारावर जाणती माणसे केवळ ब्रेकवर विसंबत नाहीत. खालच्या गिअरमध्ये गाडी घातली, की इंजिनच चाकाला आवरून धरते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो.

श्रावणातील एका संध्याकाळी तो शिक्षक घाट उतरत होता. नुकतीच एक सर येऊन गेली होती. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. पुढे आखूड वळण दिसले, म्हणून त्याने दुसरा गिअर घालण्यासाठी दांडा वर उचलला. दांडा वर आला. गिअर मात्र आला नाही. त्याने पुन्हा उचलला. विहिरीवरील सुटलेल्या रहाटासारखा दांडा नुसताच वर गेला. गाडीने वेग घेतला होता. वळणावरून एस.टी. वर येत होती. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. मागचे चाक ओल्या डांबरावर फरपटले आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. एस.टी.च्या चालकाने जाता जाता दोन शब्द सुनावले. ते येथे देण्याजोगे नाहीत. पण अगदीच अन्यायाचे होते असेही नाही.

कारण दांडा त्या दिवशी सैल झाला नव्हता. चार महिने तो हलत होता. त्याचा बोल्ट शिक्षकाने निदान पाच-सहा वेळा पान्याने आवळला होता. रस्त्याकडेच्या एका कारागिराने दांड्याच्या भोकात तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सरकवून दिली होती. ती पंधरा दिवस टिकली. दुसऱ्याने सल्ला दिला होता, ‘‘वेल्डिंगचे दोन टाके मारून घ्या, जन्मात हलायचा नाही.’’ घाटातील प्रसंगानंतर हा सल्ला त्याला पटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलीत तो वडिलांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्री सत्तरीचे. लहानपणी पेट्रोलच्या टाकीवर बसून येणाऱ्या या मुलाला आता ‘अहो गुरुजी’ म्हणावे की ‘अरे’ म्हणावे, असा त्यांचा घोळ होई. आणि म्हणून ते दोन्ही म्हणत.

‘‘काका, फक्त वेल्डिंग करून द्या,’’ शिक्षक म्हणाला.

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी रॉकेलमध्ये फडके बुडवून दांड्याच्या मुळाशी साचलेला चिखल आणि ग्रीस पुसले. मग एका हाताने दांडा हळूहळू हलविला आणि दुसऱ्या हाताचे बोट शाफ्टच्या टोकावर ठेवले. दांडा हलत होता. शाफ्ट जागचा हलत नव्हता. म्हणजे दोष पेटीच्या आत नव्हता, बाहेरच्या जोडातच होता. एवढे कळल्यावर त्यांनी पहिला विडा तोंडात टाकला. बोल्ट त्यांनी सैल केला नाही, पुरता काढून घेतला, दांडा ओढून बाहेर काढला आणि दाराच्या उजेडात धरला. आतून पत्र्याचा एक चुरगळलेला तुकडा पडला. तो त्यांनी पायाने बाजूस सारला.

गिअरपेटीतून जो शाफ्ट बाहेर येतो, त्याच्या टोकावर चहूबाजूंनी बारीक दाते असतात. जुन्या रुपयाच्या नाण्याच्या कडेवर असत तसे. दांड्याच्या भोकात आतून तसेच दाते असतात. हे भोक एका बाजूस चिरलेले असते आणि त्या चिरेच्या दोन ओठांतून बोल्ट आडवा जातो. बोल्ट आवळला, की ओठ जवळ येतात आणि भोक शाफ्टला मिठी मारते. बोल्ट किंचित सैल पडला, तर दात्यावर दाता घासू लागतो आणि प्रत्येक गिअरला कानस चालते. शाफ्ट कठीण पोलादाचा, दांडा त्या मानाने मऊ; त्यामुळे झिजतो तो दांडा. झिजता झिजता भोक एवढे मोठे होते, की चिरेचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकले तरी मिठी पडत नाही.

‘‘हे बघ,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘ओठाला ओठ भिडलाय. आता तू पाना मोडेपर्यंत आवळ. बोल्ट आवळला जाईल, दांडा नाही.’’

पाच-सहा वेळा केलेल्या आपल्या मेहनतीचा हिशेब शिक्षकाला तेथे लागला.

‘‘चीर हॅक्सॉने जरा रुंद करता येते,’’ मिस्त्री पुढे म्हणाले, ‘‘म्हणजे ओठांना जवळ यायला जागा होते. दाते बरे असते तर मी तेच केलं असतं. पण यात दाते उरलेत कुठं? शाफ्टचे चांगले आहेत, हे तुमचं नशीब. दांडा नवा घालू.’’

‘‘आणि वेल्डिंग?’’

‘‘उद्या आतलं काही बिघडलं, तर झाकण काढण्याआधी हा दांडा निघायला हवा. तो शाफ्टलाच चिकटवला, तर काढायचा कसा? छिन्नीने तोडून? मग शाफ्टही गेला. आणि त्या आचेनं आतलं तेलाचं सील जळेल ते निराळंच.’’ मिस्त्री थांबले. ‘‘गुरुजी, हे दाते कशासाठी असतात?’’

शिक्षकांना इतरांनी प्रश्न विचारलेले फारसे रुचत नाहीत. तथापि त्याने विचार करून उत्तर दिले, ‘‘दांडा सरकू नये म्हणून.’’

‘‘त्याला चौकोनी भोकही पुरलं असतं.’’

या उत्तरावर शिक्षक गप्प राहिला. मिस्त्रींनी त्याला गाडीवर बसावयास सांगितले. जुना दांडा पूर्वीच्या जागी नुसता अडकविला आणि म्हटले, ‘‘पाय ठेवा. आता गिअर उचला.’’ दांड्याखाली चवडा घालण्यासाठी शिक्षकाने नेहमीप्रमाणे पाय पायदानावरून उचलला, गुडघा बाहेर काढला आणि तिरका हिसका दिला. आपण तसे करतो हे त्याला आजवर ठाऊक नव्हते.

‘‘अण्णांच्या पायात गमबूट. जाड चवडा खाली जावा म्हणून त्यांनी दांडा उंच बसवून घेतला होता,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘तुमच्या पायात चप्पल. तीन वर्षं तुम्ही त्यांच्या बुटाच्या मापानं गाडी चालवताय. असे आडवे हिसके बसल्यावर कुठला बोल्ट टिकेल? दाते असतात ते यासाठी. एक दाता खाली घ्या, एक वर घ्या. ज्याचा पाय त्याचं माप. वेल्डिंग केलं असतं, तर अण्णांचं माप कायमचं झालं असतं.’’

शिक्षकाने दांडा हातात घेतला. टोकावरचे रबर एका अंगाने झिजून गुळगुळीत झाले होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘काका, हाच राहू द्या ना. काहीतरी करा. अण्णांचा आहे.’’

मिस्त्री हसले. ‘‘अरे, अण्णांनी माझ्याच हातून दोन दांडे बदलून घेतलेत. हा तिसरा.’’

तेव्हा शिक्षकही हसला. मनापासून की नाही, हे सांगणे कठीण.

नवा दांडा पुण्याच्या नाना पेठेतून दोन दिवसांनी आला. मिस्त्रींनी शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने घासले आणि त्यांवर तेलाचा थेंबही राहू नये म्हणून कोरड्या फडक्याने पुसून घेतले. शिक्षकाला पुन्हा गाडीवर बसविले. पहिल्या वेळी दांडा थोडा वर आला, दुसऱ्या वेळी खाली गेला. तिसऱ्या वेळी पाय पायदानावरून न हलता चवडा त्याच्याखाली गेला. पूर्वीच्या खुणेपासून तो दोन दाते खाली होता. मग नवा बोल्ट, त्याखाली स्प्रिंगचा वायसर. बोल्ट पुरता आवळल्यावरही चिरेच्या ओठांत नख जाईल एवढी फट उरली होती. ती फट मिस्त्रींनी मुद्दाम दाखविली.

‘‘आठ दिवसांनी घेऊन या. नवा बोल्ट एकदा बसतो, मग तो पुन्हा आवळावा लागतो. विसरू नका.’’

जुना दांडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. शिक्षकाने तो घरी नेला. आईने पुडी उघडून पाहिली, काही बोलली नाही, आणि पडवीतील उजव्या गमबुटात तो उभा करून ठेवला.

त्या आठवड्यात तो रोज घाट उतरला. त्या आखूड वळणाच्या बरेच आधी तो चवडा उचली. इंजिनाचा आवाज चढे, गाडी मागे ओढल्यासारखी मंदावे आणि कठडा डाव्या हाताला दूर राही. दांडा मुळीच हलत नव्हता. आठव्या दिवशी मिस्त्रींकडे जाण्याचा त्याला कंटाळा आला होता. एवढ्या घट्ट बसलेल्या बोल्टला पुन्हा काय आवळावयाचे, असे त्याला वाटले. तरी तो गेला.

मिस्त्रींनी पाना लावला. बोल्ट पाव वळसा फिरला.