लोकलने कार्ल्याला

कार्ल्याची लेणी आम्ही दोनदा पाहिली. पहिल्या खेपेस वस्तीतल्या मंडळींबरोबर भाड्याच्या जीपने गेलो. एका दिवसात पाच ठिकाणे उरकायची होती, त्यामुळे कार्ल्याच्या वाट्याला वीस मिनिटे आली. फोटो काढतो न काढतो तोच 'चला, चला' सुरू झाले. आबा तर खाली गाडीतच बसून राहिले. शेकडो पायऱ्या घाईने चढणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते.

यंदा थंडीत भाकरी-ठेचा बांधून पुण्याहून लोणावळा लोकल धरली. ही गाडी प्रत्येक स्टेशनाला थांबते. देहूरोडला आबा खिडकीशी सरकले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे आम्ही वाचले होते. पण त्या दिवशी आमचे आजोबा त्या गर्दीत उभे होते, हे आबांनी गाडीत पहिल्यांदाच सांगितले. इतकी वर्षे एका घरात राहून आम्ही कधी विचारलेच नव्हते!

मळवलीला उतरून जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडला आणि रमतगमत कार्ल्याकडे निघालो. आबा थकले की सगळेच बसायचे. पायऱ्यांवर तर दहा पायऱ्या आणि एक विसावा, असा हिशेब ठरला. मुलांना त्यात खेळच सापडला.

सुमारे १२४ फूट लांबीचा तो चैत्य. आत जाताच आबांची मान वर गेली. छताला लाकडाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. चाळीस वर्षे रंधा चालवलेला माणूस. तो बसायचे विसरून खांबांमधून फिरत राहिला. वाचनालयातून शिलालेखांचा अर्थ आम्ही वहीत उतरवून आणला होता. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने लेण्याचे दार घडवले, हे मोठ्या मुलीने वाचून दाखवले.

"सुताराचं नाव? दगडावर?" आबांनी विचारले. "पुन्हा वाच गं."

तिने तीनदा वाचले.

परतीची लोकल अर्थातच चुकली. पुढच्या गाडीची वाट पाहत मळवलीच्या फलाटावर बसलो, तेव्हा आबांनी तीच वही मागून घेतली आणि कमानीचा बाक कसा काढला असेल, ते पेन्सिलीने नातवाला काढून दाखवू लागले.