मोजपट्टीचे माप कोण घेणार?

शोधनिबंध मागे घेतल्याच्या बातम्या आपल्या देशातूनही आता वरचेवर येतात, आणि त्यांतील अनेकींच्या मुळाशी वेस्टर्न ब्लॉटचे एखादे चित्र असते. तोच बँड दोन ठिकाणी वापरलेला, किंवा चित्र कडेने इतके कापलेले की बँडचे वजन किती हे कळूच नये. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंध डोळ्यांखालून घातले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ३.८ टक्के निबंधांतील चित्रे सदोष निघाली. अशा बातमीनंतर नीतिमत्तेची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. माझे लक्ष मात्र त्या कापलेल्या कडेकडे जाते. तिथे बहुधा मार्कर असतो. कसलीही लबाडी न करता त्या मार्करपायी माणूस कसा फसतो, हे मी अनुभवले आहे. परवा एका विद्यार्थ्याने 'वेस्टर्नसाठी कोणता मार्कर मागवू?' असे विचारले, म्हणून ते लिहिते आहे.

माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरले तेव्हा मला सर्वांत ओळखीची वाटलेली गोष्ट म्हणजे जेल. १९७० साली लेमली यांनी रूढ केलेली ही पद्धत : प्रथिने एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळायची, त्यांच्या घड्या मोडतात, एक ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस चिकटते आणि ऋण प्रभार लांबीच्या प्रमाणात वाटला जातो. मग विद्युतक्षेत्रात लहान प्रथिने पुढे धावतात, मोठी मागे रेंगाळतात. १९७९ मध्ये टोबिन आणि सहकाऱ्यांनी हीच प्रथिने जेलमधून नायट्रोसेल्युलोजच्या पापुद्र्यावर उतरवून प्रतिपिंडांनी ओळखण्याची रीत मांडली. ('वेस्टर्न' हे नाव १९८१ मध्ये बर्नेट यांनी दिले. सदर्न हे एका शास्त्रज्ञाचे आडनाव, त्यावरची ही कोटी. पश्चिम दिशेचा प्रयोगाशी काही संबंध नाही.) शेजारच्या रकान्यात ज्ञात वजनांच्या प्रथिनांचे मिश्रण, म्हणजे मार्कर. भौतिकशास्त्रज्ञाला आणखी काय हवे? मोजपट्टी आली, आलेख आला, सरळ रेषा आली.

आमचे प्रथिन क्रमावरून ५५ किलोडाल्टनचे असायला हवे होते. ब्लॉटवर बँड आला ६२ वर. मी मार्करच्या वजनांचे लॉगरिदम घेऊन रेषा बसवली, आर-स्क्वेअर ०.९९. इतकी देखणी रेषा पाहिल्यावर शंका घेण्याचे मनातही आले नाही. गटाच्या बैठकीत मी जाहीर केले की प्रथिनाचे फॉस्फोरिलेशन झाले आहे. ओडिशाहून आलेली आमची कनिष्ठ विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "दीदी, एक फॉस्फेट तर ८० डाल्टनचा. ७,००० कुठून आले?" फॉस्फेटमुळे एसडीएसचे चिकटणे बदलते आणि बँड अपेक्षेहून वर सरकू शकतो, असे उत्तर मी दिले. ते खोटे नव्हते. म्हणूनच ते घातक ठरले. ती गप्प बसली.

पुढचे तीन महिने तिचेच गेले. सेरीनच्या जागी अलानीन घातलेली उत्परिवर्तने तिने एकामागून एक बनवली. प्रत्येक ६२ वर. शेवटी तिने फॉस्फेटेज घालून पाहिले; बँड तसूभर हलला नाही. त्या संध्याकाळी ती मार्करच्या डबीतला घडी घातलेला कागद घेऊन आली. आम्ही ज्या चित्रावरून वजने वाचत होतो ते ट्रिस-ग्लायसीन जेलचे होते. आमची जेल होती बिस-ट्रिस, बफर मॉप्स. त्याच कागदावर, मागच्या बाजूला, आमच्या जेलसाठी वेगळा तक्ता होता आणि त्यात ज्या बँडला आम्ही ७० म्हणत होतो त्याचे वजन बरेच कमी दिले होते.

कारण साधे आहे. प्रीस्टेन्ड मार्करमधील प्रथिनांना रंगाचे रेणू रासायनिक बंधाने जोडलेले असतात. त्यामुळे वस्तुमान, प्रभार आणि एसडीएस धरण्याची क्षमता, तिन्ही बदलतात, आणि हा बदल प्रत्येक बफरमध्ये सारख्या प्रमाणात दिसत नाही. डबीवरचा आकडा हे 'भासमान' वजन असते. माझी रेषा सरळ होती, पण चुकीच्या आकड्यांतून गेलेली सरळ रेषाही सरळच असते. उपकरणाच्या कॅलिब्रेशनवर मी पीएच.डी.च्या प्रबंधात एक अख्खे प्रकरण लिहिले होते, हे इथे सांगायला लाज वाटते.

आम्ही बिनरंगी मार्कर मिळवला, पापुद्रा पाँसो-एसने रंगवला, लालसर बँडवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि मग प्रतिपिंड घातले. बँड ५५ वर होता. मी तिची क्षमा मागितली. त्या बैठकीत तिचा प्रश्न मी खोडून काढला नसता, तर तिचे तीन महिने वाचले असते.

अर्थात बिनरंगी मार्करही खरे वस्तुमान सांगत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री. मानवी पी५३ चेच पाहा. त्याचे वजन क्रमावरून ४३.७ किलोडाल्टन, पण प्रोलीनने भरलेल्या भागामुळे ते जेलवर ५३ च्या आसपास अडते, आणि ते चुकलेले वजन आज त्याचे नाव होऊन बसले आहे.

तर, ज्याने विचारले त्याला. रंगीत मार्कर घेच. जेल कुठवर धावली आणि वरची जड प्रथिने पापुद्र्यावर उतरली की नाही, हे त्याच्यावाचून कळत नाही. वजन छापायचे असेल तर एकदा तरी बिनरंगी मार्करशी ताडून पाहा. केमिल्युमिनेसन्समध्ये रंगीत मार्कर उजळत नाही, दोन छायाचित्रे जुळवावी लागतात. कड कापण्याचा मोह नेमका तिथे होतो. प्रतिपिंड धरून ठेवणारे मार्कर स्वतःच उजळतात, पण थोडेच घाल आणि शेजारचा रकाना रिकामा सोड, नाहीतर त्यांचा प्रकाश तुझ्या नमुन्यावर सांडेल.

पैशांची अडचण मला ठाऊक आहे. अनुदान रखडले की आम्हीही एकेक मायक्रोलिटर मोजतो. पेन स्टेट विद्यापीठातील गटाने २०२१ मध्ये १० ते १०० किलोडाल्टनच्या मार्कर-प्रथिनांची प्लाझ्मिडे प्रसिद्ध केली आहेत. ई. कोलाय जिवाणूत ती प्रथिने वाढवून शुद्ध करता येतात, खर्च रकान्यामागे एका सेंटहूनही कमी, आणि प्रतिपिंड धरणारा भाग त्यांत आधीच आहे. आपल्याकडे एखाद्या विभागाने ती एकदा बनवून सर्व प्रयोगशाळांत वाटली, तर निम्मी ओरड थांबेल.

मागवण्याआधी मात्र तुझी जेल कोणती आणि बफर कोणता ते कळव. बाकीचे त्यानंतर बोलू.